पैसे कापले, ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’: हे परत परत का होतं आणि कसं थांबवायचं

लक्षण ठरलेलं आहे. गिऱ्हाईक साइटवर येतं, कापशी चप्पल निवडतं, आठ नंबर टाकतं, यूपीआयनं पैसे भरतं. त्याच्या बँकेचा मेसेज येतो, रक्कम वजा. इकडं दुकानाच्या वूकॉमर्समध्ये (साइटवरचं दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) त्याच ऑर्डरसमोर ‘पेंडिंग पेमेंट’, आणि तासाभरानं बघितलं तर ‘कॅन्सल्ड’. मग गिऱ्हाइकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट, आणि पाठोपाठ दुकानदाराचा मला फोन: “सर, परत तेच झालंय बघा. पैसं गेल्यात म्हणतोय, हितं पेंडिंगच दावतंय. माल पाठवू का नको?”

दुकानदार बहुतेक वेळा ऑर्डर हातानं ‘प्रोसेसिंग’ करून मोकळा होतो. गिऱ्हाईक खूश, विषय मिटला. आठवड्यानं परत तोच फोन. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतली दुकानं असोत, गूळ विकणारे असोत की घरगुती कांदा-लसूण मसाल्याची साइट, ज्यांनी वर्डप्रेस, वूकॉमर्स आणि एखादा पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दुकानाच्या खात्यात पोचवणारी कंपनी) जोडून दुकान थाटलंय त्यातल्या निम्म्यांनी तरी हा प्रकार बघितला असेल. यात ना गिऱ्हाईक खोटं बोलत असतं, ना बँकेनं पैसे खाल्लेले असतात. गेटवेकडून दुकानाला निरोप पोचलेला नसतो, एवढंच. तो का पोचत नाही हे शोधायला एक संध्याकाळ पुरते. पण ती संध्याकाळ कुणी काढत नाही, म्हणून ही पोस्ट.

आधी समोरची ऑर्डर मार्गी लावा

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका आणि अविश्वासही दाखवू नका. स्क्रीनशॉटमध्ये बारा आकडी यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक असतो, तो मागून घ्या. गेटवेच्या डॅशबोर्डवर पेमेंट्सच्या यादीत तो क्रमांक, किंवा रक्कम आणि वेळ, किंवा गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर टाकून शोधा. बनावट स्क्रीनशॉट तयार करणारी अ‍ॅप्स आहेत हे आता भाजीवाल्यालाही माहीत आहे. त्यामुळं शेवटचा शब्द डॅशबोर्डचा.

तिथं चारपैकी एक गोष्ट दिसेल.

‘कॅप्चर्ड’ दिसलं तर पैसे तुमचे झाले. वूकॉमर्समध्ये ऑर्डर उघडून पेमेंटचा आयडी ऑर्डर नोटमध्ये चिकटवा, मग स्थिती ‘प्रोसेसिंग’ करा. नोट न टाकता नुसती स्थिती बदलली की महिनाअखेरीला हिशेब जुळवणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो. ही ऑर्डर कुठल्या पैशावर पक्की केली, हे तेव्हा कुणालाच आठवत नाही.

‘ऑथराइज्ड’ दिसलं तर जरा घाई करा. बँकेनं होकार दिलाय, रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यातून निघालीय, पण तुमच्या बाजूनं ती ‘कॅप्चर’ झालेली नाही. ठरावीक दिवसांत ती ताब्यात घेतली नाही तर गेटवे ती आपोआप गिऱ्हाइकाला परत करतो. म्हणजे माल गेला आणि पैसेही गेले. डॅशबोर्डवरचं कॅप्चरचं बटण दाबा, आणि सेटिंगमध्ये जाऊन कॅप्चर आपोआप व्हायची सोय सुरू करून टाका. लहान दुकानाला हे हातानं करत बसायचं काही कारण नाही.

‘फेल्ड’ दिसलं आणि गिऱ्हाइकाचे पैसे तरीही गेले असतील, तर ते बँकांच्या मधे अडकलेत. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला काढलेल्या परिपत्रकात याची मुदत घालून दिलेली आहे: खात्यातून रक्कम वजा झाली पण व्यापाऱ्याकडं पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढं उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला नीट सांगा, फार उपयोगी पडतं. मात्र एक सावधगिरी. कधीकधी हेच ‘फेल्ड’ पेमेंट काही वेळानं ‘ऑथराइज्ड’ होऊन येतं, कारण बँकेचं उत्तर उशिरा आलेलं असतं. म्हणून ‘फेल्ड’ बघून लगेच दुसरं पेमेंट मागू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा बघा.

काहीच दिसलं नाही, तर गिऱ्हाइकानं पैसे दुसरीकडंच पाठवलेत. बऱ्याचदा ते दुकानाच्या जुन्या क्यूआरवर गेलेले असतात. त्यावर शेवटी बोलू.

एक चूक बरेच जण करतात. गेटवेवर पेमेंट ‘कॅप्चर्ड’ असताना गिऱ्हाइकाला ठोकून देतात, “पाच दिवसांत बँकेतून परत येतील, नाहीतर नव्यानं ऑर्डर टाका.” ते पैसे आपोआप परत येणार नाहीत, ते तुमच्या खात्याकडं निघालेत. गिऱ्हाईक पाच दिवस थांबतं, सहाव्या दिवशी बँकेकडं तक्रार टाकतं, आणि मग तुम्ही त्या तक्रारीच्या वादात (डिस्प्यूट) कागदपत्रं देत बसता.

फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत एक मेसेज टाकायची सवय लावा: “नमस्कार मॅडम, तुमचं पेमेंट आम्ही तपासत आहोत. कृपया पुन्हा पैसे भरू नका, तासाभरात कळवतो.” मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते वेळेत गेलं नाही की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरतं, आणि एका ऑर्डरच्या दोन भानगडी होतात.

निरोप दोन वाटांनी येतो

पैसे भरल्यानंतर ते भरले गेल्याचं तुमच्या साइटला दोन प्रकारे कळतं. पहिली वाट गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून: पेमेंट झालं की गेटवे त्याला परत तुमच्या साइटवर आणून सोडतो, सोबत सही केलेला निरोप असतो, साइट तो वाचून ऑर्डर पक्की करते. दुसरी वाट गेटवेच्या सर्व्हरकडून थेट तुमच्या सर्व्हरकडं. याला वेबहूक म्हणतात. पहिली म्हणजे गिऱ्हाइकाच्याच हातात चिठ्ठी देऊन धाडणं, दुसरी म्हणजे बँकेनं सरळ दुकानात फोन करणं.

साइट बनवताना आपण स्वतः लॅपटॉपवर, चांगल्या वायफायवर, टेस्ट पेमेंट करून बघतो. चिठ्ठी नीट पोचते, आपण खूश होतो, दुसरी वाट तपासायची राहून जाते. खरं गिऱ्हाईक मात्र मोबाईलवर असतं. त्यातही कोल्हापुरी चपलांचं बरंचसं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरून येतं. रील बघितली, बायोमधल्या लिंकवर टिचकी मारली. साइट उघडते ती इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये. पेमेंटला यूपीआयचं अ‍ॅप उघडतं, पिन टाकला, हिरवी खूण आली. आता माणूस परत कुठं जातो? अ‍ॅप बंद करून इन्स्टाग्रामवर येतो, तर तिथं साइटचं पान गायब आणि पुढची रील सुरू. किंवा फोनची रॅम कमी, पान नव्यानं लोड झालं. किंवा पिन टाकल्यावर त्यानं बँकेचा मेसेज बघितला आणि फोन खिशात ठेवला. चिठ्ठी वाटेतच राहिली.

चेकआउटवर मोठ्या अक्षरात ‘पैसे भरल्यावर पान बंद करू नका’ असं लिहिणारे आहेत. लिहा, तोटा नाही. पण ते कुणी वाचत नाही, आणि वाचलं तरी पान बंद करणारं त्याचं बोट नसतं, फोन असतो. गिऱ्हाइकाला शिस्त लावून हा प्रश्न सुटायचा नाही. दुसरी वाट चालू असली की पहिली बंद पडली तरी ऑर्डर आपोआप पक्की होते. म्हणून ऑर्डरी ‘पेंडिंग’ राहात असतील तर माझा पहिला संशय कायम वेबहूकवर असतो.

वेबहूक कुठं अडकला ते बघा

गेटवेच्या डॅशबोर्डवर सेटिंगमध्ये वेबहूकचं पान असतं. पहिला प्रश्न: तिथं काही आहे का? हसू नका. बऱ्याच वेळा ते पान कोरं असतं. गेटवेवर टेस्ट आणि लाइव्ह असे दोन मोड असतात आणि दोघांचे वेबहूक वेगवेगळे. साइट बनवणाऱ्यानं टेस्टमध्ये वेबहूक घातला, केवायसी पूर्ण झाल्यावर लाइव्हच्या किल्ल्या (साइट आणि गेटवे जोडणारे सांकेतिक शब्द) टाकल्या, आणि लाइव्हमध्ये वेबहूक घालायचा राहिला. पान उघडताना वर कुठला मोड लिहिलाय तो बघा.

वेबहूक आहे, पण पत्ता? अक्षर न् अक्षर वाचा. बनवणाऱ्यानं साइट आधी स्वतःच्या सबडोमेनवर उभी केली असेल तर वेबहूक अजून तिकडंच निरोप पाठवत असतो. आणि बंद असला तर? रेझरपेसारख्या गेटवेवर वेबहूकला सलग २४ तास बरोबर उत्तर मिळालं नाही की तो बंद केला जातो आणि तसा ईमेल येतो. हा ईमेल खातं उघडताना दिलेल्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता असतो भाच्याचा, जो आता पुण्यात नोकरीला आहे. दुकानात रोज उघडला जाणारा ईमेल तिथं घाला.

आता खरी जागा. वेबहूकच्या नोंदींमध्ये प्रत्येक निरोपासमोर तुमच्या सर्व्हरनं दिलेलं उत्तर आकड्यात लिहिलेलं असतं. दोनशेच्या घरातलं उत्तर म्हणजे पोचलं. बाकी काही असेल तर तो आकडाच तुम्हाला रोग सांगतो.

पापाची तिकटीजवळच्या एका दुकानाच्या साइटचं उदाहरण देतो. ऑर्डरी पेंडिंग राहायला लागल्या त्या दिवाळीच्या आधी, साइट नव्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरवर) नेल्यावर. दुकानदाराचा संशय यूपीआयवर, होस्टिंगवाल्यांचा गेटवेवर. नोंदी उघडल्या तर ओळीनं सगळीकडं एकच आकडा: ३०१. वेबहूकच्या पत्त्यात डोमेनच्या आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतं. नव्या होस्टिंगवर मात्र विना-डब्ल्यू पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्याकडं वळवायचा नियम बसला होता. माणसाला हे कळतही नाही, ब्राउझर गुपचूप वळतो. गेटवेचा सर्व्हर सहसा वळत नाही. वळलाच तर वाटेत पोस्ट विनंतीची (मजकूर देणारी) गेट विनंती (नुसतं पान मागणारी) होते आणि सोबतचा मजकूर गळून पडतो. पत्त्यात तीन डब्ल्यू घातले, खेळ संपला. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना हीच गंमत होते. साइट ब्राउझरमध्ये उघडा, शेवटी पट्टीत जो पत्ता उरतो तोच वेबहूकमध्ये हवा.

४०३ आला तर दारावर कुणीतरी पहारेकरी बसलाय. हा पहारेकरी बहुतेक वेळा आपणच नेमलेला असतो: सुरक्षेचं प्लगइन (साइटला जोडायचा तयार भाग), होस्टिंगची फायरवॉल, किंवा साइटच्या पुढं उभी राहून येणाऱ्यांना तपासणारी क्लाउडफ्लेअर सेवा. ‘भारताबाहेरचे आयपी बंद’, ‘बॉटना मज्जाव’ अशा खुणा उत्साहानं केलेल्या असतात, आणि गेटवेचा सर्व्हर हा शेवटी एक बॉटच. क्लाउडफ्लेअरचा हल्ला रोखायचा मोड चालू राहिला तर समोरच्याला कोडं घातलं जातं. ते ब्राउझरला सुटतं, सर्व्हरला सुटत नाही. गेटवेवाले आपले आयपी पत्ते जाहीर करतात, ते फायरवॉलमध्ये सोडून द्या. निदान वेबहूकच्या पत्त्यापुरती तपासणी उठवा.

यातला एक बारकावा फार जणांना माहीत नसतो. रेझरपेच्या वूकॉमर्स प्लगइनचा वेबहूक ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ फोल्डरमधल्या ‘अ‍ॅडमिन-पोस्ट’ या फाईलवर येतो. आणि वर्डप्रेस सुरक्षित कसं करावं हे सांगणारा प्रत्येक जण पहिला सल्ला काय देतो? ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ला पासवर्ड लावा, नाहीतर फक्त आपल्या आयपीला आत सोडा. एका गुळाच्या साइटवर नेमकं हेच झालं होतं. मालकाच्या मुलानं एका रविवारी बसून साइट ‘लॉक’ केली, अ‍ॅडमिन फोल्डरवर सर्व्हरचा पासवर्ड टाकला. सोमवारपासून नोंदींमध्ये ४०१ ची रांग. फोल्डरचं कुलूप राहू द्या, पण ‘अ‍ॅडमिन-पोस्ट’ आणि ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ या दोन फाईलींना त्यातून सूट द्या. दुसरी फाईल वूकॉमर्सच्या थीम आणि प्लगइन सर्रास वापरतात, ती अडली तर वेगळीच रडगाणी सुरू होतात.

४०४ म्हणजे पत्ता चुकला, किंवा प्लगइन निष्क्रिय झालंय. ज्या प्लगइनांचा वेबहूक वर्डप्रेसच्या आरईएसटी पत्त्यावर (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या पत्त्यावर) येतो, त्यांच्या बाबतीत सेटिंगमधल्या ‘पर्मालिंक्स’ पानावर जाऊन काही न बदलता नुसतं ‘सेव्ह’ दाबून बघा. जादूटोणा वाटेल, पण त्यानं पत्त्यांचे नियम नव्यानं लिहिले जातात. ५०० किंवा ५०३ आला तर साइटच कोलमडतेय: पीएचपीची आवृत्ती आणि प्लगइन जुळत नसतील, मेमरी संपत असेल, किंवा मेंटेनन्स मोड चालू राहिला असेल.

टाइमआउट हा वेगळा प्रकार. गेटवे उत्तरासाठी मोजकेच सेकंद थांबतो. तुमचं दुकान ऑर्डर पक्की होताना पीडीएफ बिल तयार करतं, दोन ईमेल पाठवतं, एसएमएस पाठवतं, कुरिअरच्या साइटवर नोंद टाकतं, आणि हे सगळं झाल्यावर गेटवेला ‘मिळालं’ म्हणतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तेवढ्यात वेळ निघून जातो. गेटवे परत निरोप पाठवतो, आणि गिऱ्हाइकाला तेच बिल दोनदा जातं. ‘ऑर्डर एकच, ईमेल दोन’ अशी तक्रार आली तर इथं बघा. कुरिअर आणि एसएमएसचं काम पार्श्वभूमीत टाकायची सोय त्या प्लगइनमध्ये असते, ती चालू करा.

उत्तर २००, तरी ऑर्डर पेंडिंग

हा सगळ्यात चिवट प्रकार. गेटवे म्हणतो पोचलं, साइट म्हणते मला काही माहीत नाही. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’मध्ये ‘लॉग्स’ आहेत, तिथं गेटवेच्या नावाची फाईल उघडा. नसेल तर प्लगइनच्या सेटिंगमध्ये डीबग लॉग सुरू करा आणि पुढच्या ऑर्डरची वाट बघा.

तिथं सही जुळत नसल्याची ओळ असेल तर वेबहूकचं सीक्रेट (सही तपासायचा गुप्त शब्द) दोन्हीकडं एकच आहे का ते बघा. हे सीक्रेट आणि एपीआयच्या किल्लीचं सीक्रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावं सारखी असल्यानं एकाच्या जागी दुसरं चिकटवलं जातं. कॉपी करताना शेवटी चुकून आलेली मोकळी जागाही पुरते. नव्यानं साधं सीक्रेट ठरवा, दोन्हीकडं टाका, सेव्ह करा.

ओळ नसेल तर क्रॉन बघा. काही प्लगइन वेबहूक आल्या आल्या ऑर्डर बदलत नाहीत. ब्राउझरची चिठ्ठी येतेय का म्हणून थोडा वेळ थांबतात आणि मग ठरलेल्या वेळी काम उरकतात. हे ठरलेल्या वेळचं काम वर्डप्रेसचं अंतर्गत क्रॉन करतं, आणि ते घड्याळावर चालत नाही. साइटवर कुणी आलं तर ते जागं होतं. दिवसाला पंचवीस-तीस माणसं येणाऱ्या साइटवर रात्री अकराची ऑर्डर सकाळी कुणी येईपर्यंत तशीच पडून राहते. कॅशिंग जोरात असेल तर माणूस येऊनही क्रॉन उठत नाही, कारण पान साठवणीतूनच दिलं जातं. यावर उपाय जुना आणि खात्रीचा: वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमध्ये अंतर्गत क्रॉन बंद करा आणि होस्टिंगच्या सीपॅनेलमधून (सर्व्हरच्या सेटिंगच्या पानावरून) दर पाच मिनिटांनी खरं क्रॉन लावा. होस्टिंगवाल्याला सांगितलं तर तोही करून देतो.

कॅशिंगचा विषय निघालाच आहे तर कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं कॅशमधून वगळलेली असलीच पाहिजेत. नसतील तर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसण्यापर्यंत मजल जाते.

साठ मिनिटांचं गणित

पेंडिंग ऑर्डर तासाभरानं स्वतःहून रद्द का होते, याचं उत्तर वूकॉमर्सच्या ‘प्रॉडक्ट्स’ सेटिंगमधल्या ‘इन्व्हेंटरी’त आहे. ‘होल्ड स्टॉक’ नावाची चौकट, त्यात मुळात ६० मिनिटं भरलेली असतात. तेवढ्या वेळात पैसे आल्याचं कळलं नाही की ऑर्डर रद्द, आणि अडवलेला माल परत विक्रीला.

कारखान्यातला माल विकणाऱ्याला याचं काही वाटत नाही. हातानं शिवलेल्या चपलांच्या दुकानात मात्र यावरून भांडणं होतात, कारण एका डिझाइनचा आठ नंबर एकच जोड असतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्यावर मोठा वाद झाला, आणि तेव्हापासून परगावचं गिऱ्हाईक खात्रीचा अस्सल जोड शोधत सरळ कोल्हापूरच्या साइटवर येतं. असा जोड नागपूरच्या बाईंनी घेतला, पैसे गेले, निरोप अडकला, तासानं ऑर्डर रद्द झाली, जोड परत साइटवर आला आणि तो ठाण्याच्या माणसानं उचलला. दोघांचेही पैसे खरे. आता सुभाषनगरच्या कारागिराला दुसरा जोड करायला सांगा, त्याला आठवडे लागतात.

एकेक जोडाचा माल असेल तर ही वेळ वाढवा. मी बारा ते चोवीस तास ठेवायला सांगतो. चौकट पूर्ण रिकामी सोडू नका. मग पैसे येईपर्यंत माल अडवलाच जात नाही, आणि एकच जोड दोघांना विकला जाऊ शकतो.

दोनदा भरलेले पैसे

परत करायचे असतील तर वूकॉमर्सच्या ऑर्डरमधल्या ‘रिफंड’ बटणानं, नाहीतर गेटवेच्या डॅशबोर्डवरून. दुकानदाराच्या खासगी यूपीआयवरून “घ्या तुमचे पैसे” करून पाठवू नका. गेटवेला ते कळत नाही. पुढं गिऱ्हाइकाच्या घरात दुसऱ्या कुणी कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन रकमा बघून बँकेत तक्रार टाकली तर पैसे दुसऱ्यांदा जातात आणि आपली बाजू मांडायला कागद नसतो. रिफंडला काही दिवस लागतात, तसं आधीच सांगा. गेटवेची मूळ फी बहुतेक वेळा परत मिळत नाही, ती धंद्याचा खर्च समजायची.

‘बँकेत पैसे कमी आलेत’

ही तक्रार वेगळी, पण याच फोनवर येते. गेटवेकडं जमलेले पैसे तुमच्या खात्यात साधारण दोन कामाच्या दिवसांनी येतात. शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरा. कार्डाच्या ५,००० रुपयांवर २ टक्के फी असेल तर १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १८ रुपये, हातात येतात ४,८८२ रुपये. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतली जाणारी बँकेची फी) शून्य आहे, तरी गेटवे आपल्या सेवेचे पैसे लावू शकतो. करारात बघा. शिवाय दिवसाचे सगळे व्यवहार एकाच रकमेत येतात, त्यातून रिफंड वळते झालेले असतात. पासबुक आणि वूकॉमर्स समोरासमोर धरून ते जुळणार नाही. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट मधे ठेवा.

साइटवरचा तो क्यूआर काढा

गेटवे सुरू व्हायच्या आधी सोय म्हणून साइटवर दुकानाचा क्यूआर टाकलेला असतो, खाली ‘पैसे भरून स्क्रीनशॉट पाठवा’. गेटवे आल्यावरही तो काढत नाहीत, कारण त्याला फी लागत नाही. पण त्या क्यूआरवर आलेल्या पैशावर ऑर्डर क्रमांक नसतो. ८५० रुपये आले, कुणाचे? मसाल्याच्या त्याच डब्याच्या एका दिवशी चार ऑर्डरी असतील तर काउंटरवरच्या पोरानं काय ओळखायचं? वाचलेल्या फीपेक्षा यात जाणारा वेळ महाग पडतो, हे माझं मत मी दुकानदारांना भांडून सांगतो. काउंटरवर क्यूआर ठेवा, साइटवर नको.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

टेस्ट मोडमधली परीक्षा इथं उपयोगाची नाही. साइटवर एक रुपयाची वस्तू तयार करा, कॅटलॉगमधून लपवा, तिची लिंक स्वतःला पाठवा. लॅपटॉप बाजूला ठेवा. मोबाईलवर, वायफाय बंद करून, इन्स्टाग्रामच्या मेसेजमधून ती लिंक उघडा. यूपीआयनं पैसे भरा, आणि पिन टाकून झाल्यावर परत साइटवर न जाता सगळी अ‍ॅप्स बंद करून टाका. आता लॅपटॉपवर वूकॉमर्स बघा. पाच-दहा मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली तर दुसरी वाट चालू आहे. नाही झाली तर वेबहूकच्या नोंदी परत उघडा. आता वेळ माहीत असल्यानं तुमची ओळ लगेच सापडेल.

पुढचे काही आठवडे दुकान उघडल्यावर एक काम करा: गेटवेवरची कालची ‘कॅप्चर्ड’ पेमेंट्स आणि वूकॉमर्समधल्या कालच्या पक्क्या ऑर्डरी शेजारी शेजारी मोजा. आकडा जुळला की चहा घ्या. जुळला नाही तर गिऱ्हाइकाच्या फोनची वाट न बघता आपणच फोन करा.

आणि हे दुखणं परत येतं ते ठरावीक प्रसंगी. होस्टिंग बदललं, डोमेन बदललं, सुरक्षेचं नवं प्लगइन टाकलं, गेटवेच्या किल्ल्या नव्यानं काढल्या, की एक रुपयाची परीक्षा परत घ्या. दर तीन महिन्यांनी येत असेल तर एसएसएल, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र बघा. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. आपोआप नूतनीकरण अडलं की ते संपतं, आणि प्रमाणपत्र संपलेल्या साइटला गेटवे निरोप देत नाही. सीपॅनेलमध्ये त्याची संपायची तारीख दिसते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आठवडाभर आधी होस्टिंगवाल्याला फोन करून नूतनीकरण चालू आहे का ते विचारा.